जानरावचं पाचवं शील

जानरावला गाव भ्यायचं ते फक्त विहाराच्या दारात. एरवी तो साधा मैलकुली. रिसोड-रिठद रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे, एवढंच त्याचं सरकारी काम. सकाळी तो खड्ड्यात मुरूम टाकायचा, दुपारची एसटी तो मुरूम उडवून शेजारच्या तुरीत नेऊन घालायची, आणि दुसऱ्या दिवशी जानराव पुन्हा त्याच खड्ड्यापाशी हजर. इतक्या वर्षांत तो आणि खड्डा एकमेकांना नावानं ओळखायला लागले असतील. पण पौर्णिमेच्या दिवशी हाच माणूस पांढराशुभ्र सदरा घालून विहाराच्या दारात उभा राहिला की भल्याभल्या मिशांचे गडी चपला काढताना नजर वर करत नसत.

"हा कर," जानराव म्हणायचा.

समोरच्यानं तोंड उघडून 'हा' करायचं. जानरावनं नाक पुढं करून तो 'हा' नीट हुंगायचा. पास झाला तो आत वंदनेला, नापास झाला तो बाहेर लिंबाखाली.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा जानराव ऐन पंचविशीत होता. शीलं पाच. त्यातली पहिली चार त्यानं समाजाच्या हवाली केली आणि पाचवं, दारू न पिण्याचं, स्वतःकडे ठेवून घेतलं. गावातली लग्नं तोच लावायचा. नवरा-नवरीकडून शीलं म्हणवून घेताना पाचवं तो दोनदा म्हणवून घ्यायचा. पहिल्यांदा नवरा-नवरीसाठी, दुसऱ्यांदा मंडपासाठी. दुसऱ्या वेळेला तो एकेकाच्या तोंडाकडे असा बघायचा की वऱ्हाडातले अर्धे लोक बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकत. बूट मात्र कोणाच्याच पायात नसत.

शिवाय त्यानं एक शोध लावला होता. ज्याच्या तोंडात उगाचच बडीशेप आहे, तो वास दाबायला ती चघळतो आहे, म्हणजेच पिऊन आला आहे. हा शोध त्यानं इतक्या सभांमधून सांगितला की गावातल्या दुकानदारानं बडीशेप ठेवणंच बंद केलं. घेणाऱ्याची अब्रू जायची.

लिंबाखालचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे उकंडराव. जानरावचा चुलतभाऊ, लहानपणापासूनचा जोडीदार आणि मोहाच्या दारूचा जुना भक्त. त्याला आत जायला कधी मिळालं नाही, पण बाहेर बसून बसून अख्खी वंदना पाठ झालेली. आतले लोक कुठे अडखळले की बाहेरून उकंडराव पुढची ओळ द्यायचा. जानरावला याचा भयंकर संताप यायचा, कारण ओळ बरोबर असायची.

असा हा जानराव चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, तुरी काढायच्या दिवसांत, बोलायचा बंद झाला.

काही झालं नव्हतं. हाच तर सगळा घोळ होता. घरात कोणी गेलं असतं तर लोक भेटायला आले असते, पाय मोडला असता तर दवाखान्यात डबे घेऊन गेले असते. जानराव नुसताच रस्त्याच्या कडेला फावडं आडवं टाकून खड्ड्याकडे बघत बसायचा. भाकरी पुढ्यात वाळून जायची. पौर्णिमा आली तरी सदरा खुंटीवरच. घरी पडला की भिंतीकडे तोंड. त्याची बायको अंजना विचारायची, "अवो, काय दुखते?" तो म्हणायचा, "काहीच नाही." पुन्हा विचारलं की डोळ्यातून पाणी, आणि उत्तर तेच.

दीक्षेनंतर देवऋषी, गंडेदोरे सगळं घरातून गेलेलं, त्यामुळे तोही इलाज उरला नव्हता. शेवटी अंजनाचा भाऊ पंजाबराव, जो अकोल्याला कचेरीत चपराशी होता, तो भाऊजींना घेऊन अकोल्याच्या एका डॉक्टरकडे गेला. मनाच्या रोगांचा डॉक्टर. पाटीवर तसं लिहिलेलं होतं म्हणून पंजाबरावनं जानरावला पाटीकडे पाठ करून आत नेलं.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "जसा मलेरिया, तसा हा. गोळीनं बरा होतो."

"डोक्याचा हाय का साहेब?" पंजाबरावनं खालच्या आवाजात विचारलं.

"मनाचा."

"मन डोक्यातच असते ना पन?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी बजावून सांगितलं, की तोंड कोरडं पडेल, हात कापतील, उठताना चक्कर येईल, पोट साफ होणार नाही, डोळ्यांना धूसर दिसेल. घाबरायचं नाही आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. "आणि तोंडात काहीतरी ठेवत जा, म्हणजे थुंकी सुटेल. बडीशेप ठेवा."

जानराव कित्येक दिवसांत पहिल्यांदा मान वर करून कोणाकडे तरी रोखून बघत होता. ही नजर तो उकंडरावसाठी राखून ठेवायचा.

गावात काय सांगायचं, हे एसटीतच ठरलं. आम्लपित्त. कारण मनाचा डॉक्टर म्हणजे येड्याचा डॉक्टर, आणि आमच्याकडे त्याच्या पुढचं स्टेशन एकच, नागपूरचं येड्यांचं इस्पितळ. "याले नागपूरले धाडा" म्हटलं की कोणाला दुसरं काही विचारावं लागत नाही. आणि घरात गंगू होती. जानराव-अंजनाची एकुलती एक मुलगी, सातवी पास, तिची सोयरीक कारंज्याच्या बबनरावच्या मुलाशी जवळजवळ पक्की झालेली. बबनराव तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. येड्याची पोरगी कोण करून घेईल?

"गंगूलेही सांगाचं नाही," अंजना म्हणाली. "पोरगी हाय. कोनापाशी बोलून जाईन."

गोळीनं शब्द पाळला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं झालं, आणि तेच आधी झालं. जीभ टाळूला अशी चिकटायची की एक शब्द काढायला तीन घोट पाणी. हात असे कापायचे की चहाची बशी तोंडाशी येईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर. खड्डे त्याला एकाचे दोन दिसू लागले. सरकारचं काम दुप्पट झालं, पगार तेवढाच. पोट तर असं बसलं की सकाळी टमरेल घेऊन गेलेला जानराव परत येईपर्यंत अंजनाच्या भाकरी थापून, खाऊन, भांडी घासून व्हायची. नाल्यावरून येणारे-जाणारे त्याला तिथूनच "जयभीम" घालायचे आणि परत येताना पुन्हा घालायचे.

पण हळूहळू दुसरंही काही झालं. एक दिवस दुपारच्या एसटीनं नेहमीप्रमाणे मुरूम उडवला, आणि जानराव उठून बसच्या मागं धावला. ड्रायव्हरला त्याच्या बापापासून सुरुवात करून अशा शिव्या दिल्या की बस थांबली. ड्रायव्हर गावात तक्रार घेऊन आला. अंजनानं ती तक्रार दारात उभी राहून ऐकली, आणि ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून रडायला लागली. ड्रायव्हर घाबरला. म्हणाला, "राहू द्या बाई, तसं काही नाही." नवरा परत आला होता, एवढंच तिला कळलं होतं. रात्री जानरावनं स्वतःहून लोणचं मागितलं.

लोणचं मागणारा माणूस पौर्णिमेला सदरा घालणारच.

विहारात सगळ्यांना आनंद झाला. तो आनंद मेणबत्ती लावेपर्यंतच टिकला. काडी वातीला लागेना. जानरावला वाती दोन दिसत होत्या आणि तो प्रत्येक वेळी चुकीच्या वातीला काडी लावत होता. हात कापून काडी विझायची. मग त्यानं वंदना सुरू केली, आणि जीभ टाळूला चिकटली. शब्द बरळल्यासारखे बाहेर पडायला लागले. त्यानं घाईघाईनं खिशात हात घातला आणि चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली.

वंदना तिथंच थांबली आणि आतल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्या तोंडाकडे गेल्या. बाहेरून, लिंबाखालून, उकंडरावनं पुढची ओळ दिली.

दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. अंजनाला नळावर कळलं, जानरावला रस्त्यावर. चंपाबाई नावाची शेजारीण, जी कोणाचं वाईट बोलत नसे, फक्त विचारत असे, तिनं विचारलं, "अंजना, जानरावभाऊ रिसोडवरूनच आनते का बडीशेप? म्हनजे तिकडची चांगली राह्यते का?"

त्या दिवशी जानरावनं गोळी बंद केली. अंजनाला न सांगता. हात थांबले, तोंडाला पाणी सुटलं, वाती पुन्हा एक झाल्या. गावानं हुश्श केलं. आणि थोड्याच दिवसांत फावडं पुन्हा आडवं पडलं, भाकरी पुन्हा वाळली. एका सकाळी तो कामावर पोचला नाही म्हणून अंजना शोधत निघाली, तर तो मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेला. तिनं आरडाओरडा केला नाही. मागून जाऊन त्याचा सदरा मुठीत गच्च धरला आणि शेजारी बसली.

"कायले बंद केली?" तिनं विचारलं.

"लोक दारुड्या म्हनतेत."

"म्हनू द्या. दारुडा घरी येते तरी."

निघताना तिला पुडीतल्या गोळ्या तशाच पडलेल्या दिसल्या होत्या, त्यातली एक तिनं पदराला बांधून आणली होती. त्याच्या हातात दिली आणि गिळेपर्यंत सदरा सोडला नाही.

तेव्हापासून जानरावच्या पुढं रस्ता एकच उरला. गोळी सोडता येत नाही, आणि गोळी सांगता येत नाही. गंगू या घरातून कारंज्याला जाईपर्यंत तोंड कोरडं ठेवायचं आणि बंदही.

ते जमलं नाही. रामरावच्या मुलाच्या लग्नात, भर मंडपात, शीलं म्हणवून घ्यायला बसलेला जानराव झटकन उठला आणि चक्कर येऊन नवरीच्या मामाच्या अंगावर पडला. मामानं त्याला सावरलं, आणि सवयीनं सगळा मंडप नाक पुढं करून हुंगायला लागला. जानरावनंच शिकवलेलं.

बैठक विहारात बसली. सगळे आले. बोलायला कोणी तयार नव्हतं, कारण ज्यानं प्रत्येकाला आयुष्यभर 'हा कर' म्हटलं, त्याला 'हा कर' म्हणायचं कोणी?

शेवटी रामराव म्हणाला, "आपल्यात याचा जानकार एकच हाय. बोलवा त्याले आत."

आणि उकंडराव आयुष्यात पहिल्यांदा विहारात आला. चपला काढल्या, बुद्धाच्या मूर्तीपुढं डोकं टेकलं, सदऱ्याला हात पुसले आणि जानरावच्या समोर जाऊन बसला. काय तो थाट! मोठ्या दवाखान्यातून बोलावलेल्या सर्जनसारखा.

"हा कर गड्या," तो म्हणाला.

जानरावनं केलं. उकंडरावनं डोळे मिटून हुंगलं. मग दुसऱ्या नाकपुडीनं हुंगलं. "पुन्हा कर." जानरावनं पुन्हा केलं. उकंडरावच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग निराशा. वर्षानुवर्षांचा हिशेब चुकता करायची वेळ आली होती आणि माल हातात नव्हता. पण धंद्यात बेईमानी करणारा तो माणूस नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "बडीशेप हाय. तिच्या खाली काहीच नाही."

"नीट पाह्य."

"मले सांगतं? मोहाची असो, गुळाची असो, देशी असो, कालची असो का परवाची, मी नाव सांगतो. या मानसाच्या पोटात पानी अन् भाकर हाय. बस."

बैठकीत एकदम सुटल्यासारखं झालं. रामराव हसला. जानरावचे डोळे भरून आले. आणि मग देवमन उठला.

देवमन हा जानरावचा चेला. पोरसवदा होता तेव्हापासून त्याच्याच हाताखाली वंदना शिकलेला, आता रिसोडला नोकरीला. जानरावला तो दादा म्हणायचा, आणि दादावर त्याचा जीव. दादाच्या बाजूनं बोलायची एवढी चांगली संधी तो सोडणार नव्हता.

"मी तं पह्यल्यापासून म्हनतो, दादा पेत नाही," तो म्हणाला. "हात कापते थे दारूनं नाही. त्याचं कारन मले मालूम हाय. मी परवा अकोल्याले गेल्तो. दादा अन् पंजाबमामा मले तिथं दिसले. चौकातल्या दवाखान्यातून उतरून राह्यले होते. थो डॉक्टर कशाचा हाय..."

"पेतो," जानराव म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी पेतो. लई दिवसापासून पेतो."

"दादा, काहीतरीच काय बोलून राह्यले?" देवमन म्हणाला.

"तू बस खाली. अकोल्याले त्याच्यासाठीच जातो मी. पंजाब आनून देते." जीभ टाळूला चिकटली, ती त्यानं ओढून काढली. "डोकं दुखते मंग मले, म्हनून गेल्तो दवाखान्यात. आता विचारू नका काही."

उकंडराव ताडकन उठला. "अबे, मी हुंगलं तुले! काहीच नाही तुह्या तोंडाले! भर बैठकीत मले खोटं पाडतं?"

"तुले नाही समजत," जानराव म्हणाला. "थे इंग्रजी हाय. तिचा वास नाही येत."

पाचवं शील मोडलं म्हणून सगळे सुन्न झाले होते. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते आताच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्यावर जानरावनं कधी भर दिलाच नव्हता.

ठरलं ते असं: जानरावनं यापुढं वंदना सांगायची नाही, लग्नं लावायची नाहीत. देवमन लावेल. पौर्णिमेला जानरावनं लिंबाखाली बसावं.

बातमी कारंज्याला जायला एक एसटी पुरली. बबनराव येऊन दारात बसला. अंजनानं पाणी दिलं. गंगू आतल्या दाराआड उभी.

"व्याही पेते म्हनतेत," बबनराव म्हणाला.

"हो," अंजना म्हणाली.

"तेवढंच नं?"

"तेवढंच."

बबनरावनं पाणी पिऊन मिशा पुसल्या. "बरं झालं बाई तुमी खरं सांगतलं. मले कोनीतरी भलतंच सांगतलं होतं, का घरात येडसरपना हाय म्हनून. म्हनलं, मंग नाही बाप्पा. थे रक्तात उतरते, नातवापर्यंत जाते. दारूचं काय, दारू रक्तात नाही उतरत. आमी जिनिंगवाले, आमीही कधीमधी घेतोच." आणि मग खूप मोठं मन दाखवत म्हणाला, "जानरावले म्हना, लाजू नका. मानूसच हाय."

गंगूनं मात्र त्या दिवसापासून बापाशी बोलणं सोडलं. ताट पुढं ठेवायची आणि वळून जायची. लहानपणी बापाच्या बोटाला धरून तीही विहाराच्या दारात उभी राहिलेली, तीही हुंगायला शिकलेली. त्याच्या जवळून जाताना ती श्वास रोखून धरायची. त्या एका श्वासानं तिला सगळं खरं कळलं असतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. मंडपात जानराव सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. पुढं देवमन पांढऱ्या सदऱ्यात, आवाज थोडा कापरा, पण एक शब्द चुकला नाही. चार शीलं झाली. पाचवं म्हणून झालं. देवमन क्षणभर थांबला. गुरूनं शिकवलेलं मोडायची त्याची हिंमत झाली नाही, आणि त्यानं ते दुसऱ्यांदा म्हणायला सुरुवात केली. तेव्हा सगळा मंडप मान मागं वळवून जानरावकडे बघायला लागला.

जानरावनं हात जोडले आणि सगळ्यांच्या बरोबरीनं म्हटलं. मोठ्यानं. शेवटचा शब्द टाळूला चिकटून राहिला.

निघताना गंगू त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"बाबा, माह्या डोक्यावर हात ठेवा."

त्यानं ठेवला. हात थरथरत होता, तिच्या केसांत घट्ट खोवलेली फुलं हलत होती.

"सोडतो म्हना. माह्यासाठी. थे जे तुमी घेता, थे आजपासून सोडतो म्हना."

जानरावनं अंजनाकडे पाहिलं. अंजनाची मूठ पदरावर घट्ट आवळलेली होती, विहिरीवर होती तशी.

"नाही सुटत बाई," तो म्हणाला.

गंगूनं त्याचा हात डोक्यावरून उचलला, खाली सोडला आणि जीपमध्ये जाऊन बसली. मागं वळून बघितलं नाही. बबनरावनं मात्र जाता जाता जानरावच्या पाठीवर थाप मारून डोळा मारला.

पुढच्या पौर्णिमेला जानराव सदरा घालून गेला आणि लिंबाखाली बसला. उकंडराव आधीच बसलेला होता. त्यानं सरकून जागा दिली. आत देवमननं वंदना सुरू केली. दोघं बाहेरून म्हणत होते. मध्येच जानरावनं खिशातून बडीशेप काढली, आता लपवायचं काय होतं, आणि उकंडरावपुढं धरली.

उकंडरावनं चिमूटभर घेतली. मग वाकून पुन्हा एकदा त्याचा श्वास हुंगला.

"तू पेत नाही," तो म्हणाला.

जानरावनं उरलेली बडीशेप खिशात टाकली.

"इंग्रजीले वास नाही येत म्हने! कोनाले सांगतं बे? मले काय झालं तुले थे मालूम नाही. पन तू पेत नाही."

"कोनाले सांगू नको उकंड्या."

"कोनाले सांगू?" उकंडराव म्हणाला. "दारुड्याचं कोन ऐकते? मह्यं नाही ऐकत अन् आता तुह्यं बी नाही ऐकत." त्यानं बडीशेप चावली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय खातं रे दिवसभर? चव नाही याले काही."

आत कोणीतरी अडखळलं. बाहेरून दोघांनी मिळून पुढची ओळ दिली.